चाकू तोच, खाच नवी

जुन्या घरांमध्ये एक डबा असतो. बिस्किटांचा किंवा चहाचा, पत्र्याचा. त्यात तुटक्या किल्ल्या, बिनसेलची बॅटरी, सुतळीचा गुंडा, कधीतरी लागेल म्हणून ठेवलेले स्क्रू आणि तळाशी एक घडीचा चाकू. उघडायला जावं तर उघडत नाही. नख अडकवून ओढलं तर नख तुटतं. मग ‘गंजलाय मेला’ म्हणून आपण तो पुन्हा डब्यात टाकतो. फेकवत मात्र नाही, कारण तो कुणाचा तरी असतो. आजोबांचा, मामांचा, नाहीतर वडिलांचा.

घडीचा चाकू ही माणसाची फार जुनी सोबत आहे. ऑस्ट्रियात हॉलस्टाट येथे सापडलेला हाडाच्या मुठीचा घडीचा चाकू अडीच हजार वर्षांपूर्वीचा मानतात. चौदाव्या शतकात इंग्रज कवी चॉसरने आपल्या कथाकाव्यातल्या एका गिरणीवाल्याच्या मोज्यात चाकू खोचला, तोसुद्धा शेफील्ड गावचा. म्हणजे त्या गावाचं नाव तेव्हाही झालेलं होतं. स्वित्झर्लंडमधल्या इबाख गावी कार्ल एल्सेनर नावाच्या कारागिराने १८८४ साली कारखाना काढला. १८९१मध्ये त्याने सैनिकांसाठी चाकू पुरवले आणि १८९७मध्ये अधिकाऱ्यांसाठीच्या हलक्या चाकूची नोंदणी केली. तोच आज जगभर ओळखला जाणारा लाल मुठीचा स्विस चाकू.

आपल्याकडे मात्र चाकू म्हटलं की डोळ्यांसमोर येतो रामपुरी, आणि त्याच्या मागोमाग हिंदी सिनेमातला खलनायक. त्या रामपूर शहराने २०२३ साली एका चौकात सुमारे २० फुटी चाकू उभारून आपल्या कारागिरांचा मान राखला, हे चांगलंच झालं. पण सिनेमाचा परिणाम एवढा, की घरातल्या म्हाताऱ्या माणसाच्या खिशात चाकू निघाला तर आपण दचकतो. पेरू कापायला, पेन्सिलीला टोक करायला, पुडीची सुतळी तोडायला खिशात चाकू बाळगणारी साधी माणसं आपल्याच घरात होती, याचा आपल्याला विसर पडतो.

आमचे अण्णा अशांपैकी एक.

तारेवरचा माणूस

अण्णा टपाल आणि तार खात्यात लाइनमन होते. खांबावर चढायचं, तुटलेली तार जोडायची. जोडण्याआधी तारेचं टोक खरवडून लख्ख करावं लागतं, नाहीतर सांधा नीट बसत नाही. वेष्टन असेल तर ते सोलावं लागतं. या सगळ्याला त्यांचा चाकू. खरवडायला पात्याची पाठ आणि सोलायला धार, हा त्यांचा नियम. खातं १९८५ साली दुभंगलं, अण्णा निवृत्त झाले, पुढे २०१३च्या जुलैमध्ये देशातली तारसेवाही बंद पडली. चाकू खिशातच राहिला.

तो चाकू मुळात त्यांचा नव्हे. त्यांच्या हाताखाली नव्हे, ज्यांच्या हाताखाली ते शिकले, त्या लाइन इन्स्पेक्टरांनी निवृत्तीच्या दिवशी आपल्या खिशातून काढून तो अण्णांच्या हातावर ठेवला होता. एकच पातं, आत पितळेचे पत्रे, बाहेर दोन्ही बाजूंना शिंगाच्या पट्ट्या. पात्याच्या बुडाशी शेफील्ड हे नाव, तेही अर्धं पुसलेलं. एका बाजूची शिंगाची पट्टी मी शाळेत असतानाच तडकली होती आणि तिच्यावर अण्णांनी काळी इन्सुलेशन टेप गुंडाळली होती. टेप झिजली की नवी.

रविवारी सकाळी अंगणातल्या पायरीशी बसून अण्णा धार लावत. दगडावर पाण्याचे चार थेंब, मग सरसर असा एकसारखा आवाज. घाई नाही. साठ वर्षं असं झाल्यावर पातं मधोमध झिजून बारीक झालं, मोजलं तर अवघं ९ मिलिमीटर रुंद. बुडाशी मात्र ते अजून जवळपास पूर्वीइतकंच रुंद होतं. त्या उतारावर त्यांचा हात लिहिलेला होता.

जेवणानंतर अण्णा फळ स्वतः कापून खात. इंदूरला पेरूला जामफळ म्हणतात. हिवाळ्यात जामफळाच्या गाड्या लागल्या की त्यांच्या पिशवीत रोज दोन तरी असायची. आधी देठ काढायचा, मग चार फोडी, प्रत्येक फोडीला मीठ-तिखट, आणि पहिली फोड समोर बसलेल्याला. आमच्या लहानपणी ती पहिली फोड मिळावी म्हणून आम्ही भावंडं समोरची जागा पटकावत असू.

चाकू कपाटात गेला

पंच्याऐंशी ओलांडल्यावर अण्णांच्या बोटांचे सांधे धरू लागले. नखं ठिसूळ झाली. चाकूचा सांधाही आखडलेला, धारही गेलेली, कारण पायरीशी बसणं होत नव्हतं. एका संध्याकाळी पातं ओढताना ते अर्ध्यावर अडकलं, त्यांनी जोर केला, हात सटकला आणि डाव्या तर्जनीला तीन टाके पडले.

दादाने चाकू उचलून कपाटात ठेवला आणि कुलूप लावलं. मी बोलायला गेले तर म्हणाला, ‘‘तुला काय, तू दोन गल्ल्या पलीकडे राहतेस. रात्री दवाखान्यात मी पळतो.’’ त्याचं खरंच होतं. पळतो तोच. वहिनी रोज फळं चिरून, बिया काढून, काटा-चमचा लावून बशी पुढे ठेवू लागली. कुणाचंच काही चुकत नव्हतं.

अण्णा काही बोलले नाहीत. फक्त बशीतली फळं उरू लागली. पुढे पुढे ‘आज नको’ म्हणू लागले. बाजारातून येताना जामफळ आणणं बंद झालं. जेवण झालं की त्यांचा उजवा हात सवयीने खिशाकडे जायचा आणि रिकामा परत यायचा. एकदा मी ते पाहिलं आणि दादाला म्हटलं, ‘‘चाकू मला दे. दुरुस्त करून आणते. मग तूच बघ आणि ठरव.’’

मी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. प्रयोगशाळेतले मोडके चिमटे, स्टॅण्ड, तराजू दुरुस्त करायची सवय होतीच. शिवाय शेजारी एक निवृत्त फिटर राहतात. त्यांनी आपली बॉलपीन हातोडी, दोन कानशी आणि व्हाइस वापरायला दिली आणि पहिल्याच दिवशी एक प्रश्न विचारला, ‘‘ताई, चाकू शोकेसमध्ये ठेवायचाय की वापरायचाय?’’ पुढचं सगळं काम त्या प्रश्नावर चाललं.

आत असतं काय?

साध्या घडीच्या चाकूत पाच-सहाच गोष्टी असतात. पातं, ते ज्याच्याभोवती फिरतं ती आडवी पिन, पाठीला लागून बसलेली पोलादी पट्टीची स्प्रिंग, दोन्ही बाजूंचे पितळी पत्रे आणि बाहेरच्या पट्ट्या. पात्याचं बूड चौकोनी घडवलेलं असतं. स्प्रिंग त्या बुडावर सतत दाब देते. पातं पूर्ण उघडलं की बुडाची सपाट बाजू स्प्रिंगखाली येते आणि ‘खट्’ असा आवाज होतो. मिटतानाही तसंच. अशा चाकूला कुलूप नसतं. फक्त दाबावर पातं जागी राहतं.

म्हणून चाकू उघडत नाही तेव्हा दोष बहुतेकदा पात्यात नसतो, पिनेभोवती असतो. तिथे गंज, फळांचा सुकलेला रस, खिशातली कापसाची पूस आणि वर्षानुवर्षांचं घट्ट झालेलं तेल यांचा गोळा बसलेला असतो.

आम्ही चाकू रात्रभर रॉकेलमध्ये बुडवून ठेवला. घरात रॉकेल नसेल तर गंज सोडवणारं तेल हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. विस्तवाजवळ हे काम करायचं नाही, हे सांगायला नको. सकाळी पात्यावर जाड कापड गुंडाळून ते हळूहळू अर्धं उघडलं, मिटलं, पुन्हा थेंबभर तेल, पुन्हा तेच. पहिल्या दहा-बारा वेळा काळं-तांबडं पाणी बाहेर येतं. मग ते निवळतं. आतल्या खोबणीतली घाण दात कोरायच्या काडीने काढली. शेवटी साबणाच्या गरम पाण्याने धुऊन, पूर्ण कोरडं करून पिनेवर शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. फार तेल घातलं की धूळ पुन्हा चिकटते.

एक धोक्याची सूचना. जुन्या चाकूंची मूठ कधी सेल्युलॉइडची असते, दिसायला कासवाच्या पाठीसारखी किंवा शिंपल्यासारखी. सेल्युलॉइड चटकन पेट घेतं. अशी मूठ तापवू नये, उन्हात ठेवू नये. आणि बटण दाबताच पातं उसळून बाहेर येणारा चाकू घरी उघडत बसू नये. ते घरगुती काम नव्हे.

पातं आता फिरू लागलं, पण डावी-उजवीकडे डुलत होतं. पिन झिजली की असं होतं. त्यावर उपाय म्हणजे पिनेचं डोकं हातोडीच्या गोल बाजूने हलकेच ठोकून पसरवणं. पण जरा जास्त ठोकलं की सांधा जाम होतो. फिटरकाकांनी एक युक्ती दाखवली. पातं आणि पितळी पत्रा यांच्यामध्ये कागदाची बारीक पट्टी सरकवायची आणि मग ठोकायचं. कागद काढून घेतला की त्याच्या जाडीइतकी फट उरते. तेवढी पुरते. खाली लोखंडी ठोकळा आणि वरून दहा हलके ठोके, एक जोराचा कधीच नाही.

गंज काढा, काळेपणा नको

अण्णांचं पातं साध्या पोलादाचं आहे. न गंजणारं पोलाद हे तुलनेने अलीकडचं. शेफील्डमध्येच हॅरी ब्रेअर्ली यांनी १९१३ साली ते बनवलं. त्याआधीची आणि नंतरचीही पुष्कळ पाती साध्या पोलादाची असत. अशा पात्याने लिंबू, पेरू, कैरी कापली की ते काळसर पडतं. पुष्कळांना तो काळेपणा म्हणजे घाण वाटते आणि ते पातं आरशासारखं घासून काढतात. वास्तविक तांबडा गंज आणि हा काळपट-निळसर थर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तांबडा गंज पोलाद खात जातो. काळपट थर बसलेला असला की तांबडा गंज तितक्या सहज धरत नाही. म्हणून तांबडं तेवढं काढायचं, काळं राहू द्यायचं. मी बारीक पॉलिश पेपर तेलात भिजवून फक्त डागांवर फिरवला.

अण्णांना विचारल्यावर ते एवढंच म्हणाले, ‘‘चमकवू नकोस. चमकलेला चाकू लोक मागतात.’’

मग धार. सायकलवर चाक फिरवत येणाऱ्या धारवाल्याकडे विळी खुशाल द्या, पण जुनं नाजूक पातं देताना दहा वेळा विचार करा. कोरड्या, जोरात फिरणाऱ्या चाकावर पातळ धार क्षणात तापते. पोलादावर आधी पिवळसर आणि मग निळी झाक येते. निळी झाक येईपर्यंत पातं तापलं, की लोहाराने दिलेलं पाणी तेवढ्या भागातून उतरलंच. मग ती जागा मऊ पडते आणि दर आठवड्याला बोथट होते. घरी दगडावर हळू काम करण्यात हा धोका नाही.

दगड दुहेरी घ्यावा, एका बाजूला भरड आणि दुसऱ्या बाजूला बारीक. ओल्या फडक्यावर ठेवला की सरकत नाही. पातं किती कलतं धरायचं, हा सगळ्यांचा प्रश्न. त्याला साधी युक्ती आहे. कागदाचा काटकोनी कोपरा घ्या आणि मधोमध घडी घाला, ४५ अंश झाले. पुन्हा एक घडी, साडेबावीस झाले. ती घडी दगडावर उभी धरून पातं तेवढं किंवा किंचित कमी कलतं ठेवायचं. खिशातल्या चाकूला हा कोन योग्य. एका बाजूने घासत राहायचं, जोपर्यंत धारेच्या दुसऱ्या बाजूला बोटाला बारीक खरखर लागत नाही. बोट धारेच्या आडवं बाहेरच्या दिशेला न्यायचं, धारेवरून कधीच नाही. खरखर सगळ्या लांबीभर लागली की पातं उलटं करायचं. मग बारीक बाजूवर हलका हात, आणि शेवटी जुन्या चामडी पट्ट्यावर, न्हावी वस्तरा फिरवतो तसं, धार मागे ठेवून दहा-वीस वेळा. वर्तमानपत्राचा कागद हवेत धरून कापून पाहिला. न फाटता कापला गेला.

दादाला हे नवल वाटलं. त्याचा समज होता, की चाकू बोथट राहिलेला बरा. मी त्याला अर्धं जामफळ आणि बोथट सुरी दिली आणि कापायला सांगितलं. सुरी सालीवरून घसरली. मग तोच म्हणाला, की जोर लावावा लागतो म्हणून हात सटकतो. धारदार पातं जाईल तिथे जातं, बोथट पातं कुठेही जातं.

बदल करावा की नाही?

आता खरा पेच उरला. चाकू नवा झाल्यासारखा चालत होता, पण अण्णांना तो उघडता येणार नव्हताच. पात्यावर नख अडकवायची जी बारीक खाच असते, ती धडधाकट नखासाठी असते. स्प्रिंग सैल करावी म्हटलं तर पातं कापता कापता बोटावर मिटण्याची भीती. म्हणजे चाकू बदलायला हवा होता.

जुन्या वस्तूत बदल करू नये, असं मानणारे पुष्कळ आहेत. संग्रहातल्या वस्तूबद्दल ते बरोबरच आहे. अशा चाकूची किंमत त्याच्या मूळ रूपात असते. पण हा चाकू त्या अर्थाने कधीच मूळ रूपात नव्हता. त्यावर चाळीस वर्षं काळी टेप होती.

मी अण्णांसमोर चाकू ठेवला आणि तीन गोष्टी सुचवल्या. पहिली, मुठीच्या कडेला दोन्ही बाजूंनी अर्धचंद्रासारखी खाच पाडायची, म्हणजे नखाऐवजी अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत पातं धरून उघडता येईल. दुसरी, मूठ एका बाजूने जाड करायची, म्हणजे न वळणाऱ्या बोटांतही ती बसेल. तिसरी, टोक गोल करायचं. ही दादाची अट होती. टोक गोल झालं तरच चाकू परत मिळणार.

पहिल्या दोन गोष्टींना अण्णांनी मान हलवली. तिसरीला म्हणाले, ‘‘अगं, टोक काढलंस तर चाकूत उरलं काय?’’

दादा म्हणाला, ‘‘अण्णा, बोटं उरतील.’’

त्यावर दोघेही गप्प. मी चाकू मिटवून अण्णांच्या हातात दिला आणि म्हटलं, ‘‘तुमचा चाकू आहे. तुम्ही सांगाल तसं करू. घाई नाही.’’ दोन दिवस चाकू त्यांच्या उशाशी होता. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला बोलावलं आणि मिटलेल्या चाकूवरून अंगठा फिरवून दाखवला. टोक मुठीबाहेर केसभर डोकावत होतं. वर्षानुवर्षं धार लावल्यावर टोक पाठीकडे सरकत जातं आणि मिटल्यावर बाहेर राहतं. ‘‘माझे सगळे सदरे खिशाशी का फाटायचे, ते आज कळलं,’’ म्हणाले. ‘‘कर गोल. पण पोटाला हात लावू नकोस.’’ पोट म्हणजे पात्याचा तो झिजलेला मधला भाग. मी कबूल केलं.

टोक गोल करताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. घासायचं ते पाठीच्या बाजूने, धारेच्या बाजूने नव्हे. पाठ उतरती करत धारेला नेऊन मिळवली की टोक खाली जातं आणि मिटल्यावर मुठीत लपतं. धारेच्या बाजूने घासलं तर टोक उलट वर चढतं. तुटक्या टोकाचा चाकूही असाच दुरुस्त करतात. पातं कडक असल्याने कानस त्यावर नुसती घसरते. भरड दगडच वापरावा लागतो. मला दोन दुपारी लागल्या. दर थोड्या वेळाने पातं पाण्यात बुडवत होते.

खाचेसाठी मात्र कानस चालते, कारण पितळ आणि शिंग दोन्ही मऊ. पण मोजमाप आधी. मिटलेल्या चाकूची पाठ मुठीबाहेर २ मिलिमीटर दिसत होती. पातं मधोमध ९ मिलिमीटर. खाच ३ मिलिमीटर खोल पाडली, म्हणजे चिमटीला ५ मिलिमीटर मिळाले आणि धारेकडचे ४ मिलिमीटर आत झाकलेले राहिले. झिजलेल्या पात्यात धार पाठीच्या जवळ आलेली असते. नव्या चाकूच्या हिशोबाने खाच पाडली तर धार उघडी पडायची, म्हणून मोजून मगच हात घालायचा. खाच सांध्यापासून लांब, टोकाच्या बाजूला ठेवली, तिथे कमी जोर लागतो. काम करताना पातं उघडं ठेवून त्यावर टेपचे चार वेढे दिले आणि तोंडाला रुमाल बांधून अंगणात बसले. शिंगाची आणि पितळेची पूड नाकात जाऊ देऊ नये.

मुठीच्या तडकलेल्या बाजूला नवी पट्टी हवी होती. जुन्यासारखं दिसावं म्हणून सांबरशिंगाच्या मागे लागू नये. वन्यजीव संरक्षण कायद्याखाली (१९७२) त्याचा व्यापार करता येत नाही. आमच्याकडे आईचं शिसवी लाटणं होतं, एका बाजूचा दांडा मोडलेलं. आई गेल्यापासून ते वापरात नव्हतं. त्यातून एक चपटी फळी कापून घेतली. मूळ पट्टीपेक्षा ३ मिलिमीटर जाड ठेवली, अॅराल्डाइटने बसवली आणि जुन्याच भोकांतून पितळी पिना ठोकल्या. दुसऱ्या दिवशी कानशीने गोलाई दिली. मधे मधे अण्णांच्या हातात देऊन ‘इथे टोचतंय का, तिथे भरतंय का’ असं विचारत गेले. वरून जवसाच्या तेलाचे दोन हात. हे तेल लावलेली फडकी चोळामोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. पसरून वाळवावीत.

दुसऱ्या बाजूची शिंगाची पट्टी तशीच ठेवली. त्यामुळे चाकू आता दोन रंगांचा दिसतो.

पहिली फोड

दादाने चाकू हातात घेतला, चार वेळा उघडला आणि मिटला. गोल टोकावर तळहात दाबून पाहिला. मग स्वतः बाजारात जाऊन अर्धा किलो जामफळं घेऊन आला. त्याने एक अट मात्र घातली, ती मला पटली. चाकू दिवसा खिशात, रात्री कपाटावर. कुलूप नाही.

अण्णांनी चिमटीत पातं धरलं. पहिल्यांदा ते अर्ध्यावर थांबलं. आम्ही दोघेही पुढे झालो, तर त्यांनी नजरेनेच आम्हांला मागे बसवलं. दुसऱ्यांदा ‘खट्’ झालं. देठ काढायला पूर्वीपेक्षा वेळ लागला, फोडीही काही चार सारख्या झाल्या नाहीत. मीठ-तिखट लावून पहिली फोड त्यांनी दादाला दिली.

ही गोष्ट तीन हिवाळ्यांपूर्वीची. अण्णा आता ८८ वर्षांचे आहेत. सगळ्या दिवशी जमतंच असं नाही. थंडीत सकाळी बोटं ऐकत नाहीत. त्या दिवशी वहिनी चिरून देते आणि ते बशी रिकामी करतात. पण विचारून करते, ‘‘आज तुम्ही की मी?’’

या कामाचा बोभाटा गल्लीत झाला. समोरच्या आजी अडकित्ता घेऊन आल्या, त्याच्या दांड्यांना कापड गुंडाळून जाड करून हवं होतं. एका मालवणच्या बाईंच्या मुलाने फ्रान्सहून आणलेला लाकडी मुठीचा ओपिनेल चाकू आला. त्या चाकूचा कारखाना १८९०पासूनचा. त्याला १९५५पासून पातं अडकवून ठेवणारं फिरतं कडं असतं. पावसाळ्यात लाकूड फुगून पातं रुतलं होतं. त्याला दुरुस्ती काहीच नव्हती. कडं मोकळं करून मुठीचं मागचं टोक लाकडी पाटावर हलकेच आपटलं की पातं डोकं वर काढतं. तिकडचे शेतकरीही असंच करतात. मुठीला थोडं तेल पाजून, वाळवून परत दिला.

‘‘पण घरात चाकू ठेवणं कायद्याने चालतं का?’’ असंही काही जण विचारतात. शस्त्र नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याच्या चाकूंचा उल्लेख आहे. त्यातूनही घरगुती आणि शेतीच्या कामासाठी बनवलेले वगळले आहेत. अण्णांचं पातं तीन इंचांचं. तरीही गर्दीत, सभेत, मिरवणुकीत तो घेऊन जाऊ नये. विमानात तो हातातल्या बॅगेत चालत नाही, सामानात टाकावा. लहान मुलं असलेल्या घरात वरच्या फळीवर ठेवावा, आणि मूल जाणतं झालं की शेजारी बसवून वापरायला शिकवावा.

आता कुणी जुना चाकू घेऊन आलं, की मी तो आधी हातात घेत नाही. चाकू कुणाच्या हातात जाणार, ते विचारते, आणि शक्य असेल तर त्या माणसालाच घेऊन यायला सांगते. गेल्या महिन्यात एक गृहस्थ आपल्या आईला घेऊन आले. त्या माउली सत्त्याहत्तर वर्षांच्या, हाताला कंप. पिशवीतून त्यांनी भाजी चिरायचा छोटा घडीचा चाकू काढला. मुलगा म्हणाला, ‘‘हा फक्त जपून ठेवण्यासारखा करून द्या.’’ मी आईंकडे पाहिलं. त्यांनी मुलाकडे न बघता मला विचारलं, ‘‘याची मूठ जाड होईल का हो?’’

सोमवारी त्यांना मुठीचं माप द्यायला बोलावलं आहे.